गहाण घर आणि नादारीचा कायदा



बँकेचे, सही घेऊन द्यायचे पाकीट तुमच्या दारात कधी आले आहे काय? आले असेल तर त्या वेळी पोटात कसा गोळा येतो ते मी सांगायला नको. आमच्या तालुक्यात एक प्राथमिक शिक्षक आहेत. नाव सांगत नाही, आपण त्यांना गुरुजी म्हणू. त्यांना असे पाकीट आले, तेव्हा त्यांनी पोस्टमनला सांगितले, "घरी नाहीत म्हणून लिही, बाबा." पोस्टमन त्यांचाच विद्यार्थी. त्याने मुकाट्याने तसे लिहिले. गुरुजींना वाटले, पाकीट परत गेले म्हणजे संकटही परत गेले. पुढे महिन्याभराने शाळा सुटल्यावर घरी येतात, तो दारावर कागद चिकटवलेला आणि गल्लीतली पोरे तो मोठ्याने वाचताहेत. वाचायला त्यांना गुरुजींनीच शिकवलेले!

त्याच संध्याकाळी ते माझ्याकडे आले. मी तालुक्याच्या कोर्टात तीस वर्षे वकिली केली. माझ्या ओट्यावर अशी माणसे बहुधा अंधार पडल्यावरच येतात. गुरुजींनी घरासाठी बँकेचे १४ लाखांचे कर्ज काढले होते, वीस वर्षांच्या मुदतीचे, हप्ता महिना १३ हजार. सहा वर्षे एक हप्ता चुकला नाही. मग घरात आजारपण आले. दवाखान्यासाठी पतपेढीचे कर्ज काढले. पतपेढीचा हप्ता पगारातून परस्पर कापला जातो, हे शिक्षकमंडळींना ठाऊकच आहे. हाती उरले त्यात घरखर्च भागेना, तर बँकेचा हप्ता कुठून भरणार? पाच हप्ते थकले.

सगळे सांगून झाल्यावर गुरुजी हळूच म्हणाले, "वकीलसाहेब, एक विचारू का? मी दिवाळे काढले तर घर वाचेल काय?"

त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून आज तेच तुमच्यापुढे मांडतो. तुमच्यापैकी कितीतरी जणांची घरे आज बँकेकडे तारण असतील. घराची कागदपत्रे बँकेच्या तिजोरीत आणि चावी आपल्या खिशात, अशी ही आजची घरे.

प्रथम दिवाळे म्हणजे काय ते पाहू. असे सांगतात, की पूर्वी एखादा सावकार वा व्यापारी बुडाला म्हणजे पेढीवर भरदिवसा दिवा लावून ठेवी. येणाऱ्याजाणाऱ्याने समजावे, की इथे आता काही उरलेले नाही. कोर्टाच्या मराठीत याला नादारी म्हणतात. कर्जदाराने कोर्टात यावे, आपल्याजवळ काय आहे आणि देणे किती आहे ते खरे खरे सांगावे. कोर्टाने मालमत्ता ताब्यात घेऊन सर्व धनकोंना वाटून द्यावी आणि मग प्रामाणिक कर्जदाराला उरलेल्या देण्यातून मोकळे करावे. कल्पना अशी आहे. मुंबई शहरासाठी १९०९ चा कायदा झाला आणि आपल्यासारख्या जिल्ह्यांसाठी १९२० चा. जिल्ह्यात अर्ज करायचा तो जिल्हा न्यायालयात. अर्जाला देणे किती लागते? ५०० रुपये. १९२० साली ५०० रुपयांत शेत येत असेल. आज एका वेळच्या औषधपाण्याला ते पुरत नाहीत. पण कायद्यातला आकडा तसाच राहिला. त्यावरून या कायद्याकडे कोणाचे किती लक्ष आहे ते समजावे.

आता गुरुजींच्या घराचे काय? इथे मेख आहे. नादारीच्या कायद्यात धनको दोन जातींचे. एक, ज्याने नुसत्या शब्दावर वा चिठ्ठीवर पैसे दिले तो. दुसरा, ज्याने तारण घेतले तो. नादारीचा अर्ज पदरात पडला म्हणजे पहिला थांबतो. दुसऱ्याला थांबावे लागत नाही. १९२० च्या कायद्याच्या २८ व्या कलमात तसे स्वच्छ लिहिले आहे, की तारण घेतलेल्या धनकोचा तारणावरचा हक्क जसाच्या तसा राहील. म्हणजे पतपेढी थांबेल, किराणा दुकानदार थांबेल, आणि ज्याच्या भीतीने गुरुजी रात्रीचे माझ्याकडे आले ती बँक थांबणार नाही. दिवाळे काढून गहाण घर वाचत नाही, श्रोतेहो. घर गेल्यावर जे देणे उरते, तेवढ्यापुरता नादारीचा उपयोग. हे मी गुरुजींना सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. चहा तसाच निवला.

बँक घर घेते ते कोणत्या कायद्याने? २००२ साली संसदेने एक कायदा केला. त्याचे इंग्रजी नाव लांबलचक आहे, बँकेतली माणसे त्याला सरफेसी म्हणतात. पूर्वी बँकेला दिवाणी कोर्टात दावा लावावा लागे, हुकूमनामा मिळवावा लागे, मग दरखास्त, मग जप्ती. त्यात वर्षे जात. या कायद्याने बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायची मुभा दिली. हप्ता नव्वद दिवस थकला म्हणजे खाते बुडीताच्या वाटेवरचे ठरते. मग साठ दिवसांची नोटीस येते आणि ती थकलेल्या हप्त्यांची नसते, सगळ्या कर्जाची असते. साठ दिवसांत रक्कम आली नाही तर बँक घराचा ताबा मागते. कर्जदाराने दिला नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते आणि पोलीस बंदोबस्तात ताबा घेते. मग तीस दिवसांची विक्रीची नोटीस आणि लिलाव. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे. आपल्या कोल्हापूरकडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तसा निर्णय दिला. पतसंस्थांची वाट निराळी. त्या सहकार कायद्याच्या १०१ व्या कलमाखाली वसुली दाखला मिळवतात.

शेतकरी बांधव म्हणतील, आमच्या जमिनीचे काय? शेतजमिनीला सरफेसी लागू नाही. पण नुसते सातबाऱ्यावर शेती लिहिले आहे एवढ्याने भागत नाही, जमीन खरोखर कसलेली हवी. आणि गावठाणातले घर किंवा बिनशेती भूखंडावरचे घर म्हणजे शेत नव्हे. कर्ज एक लाखाच्या आतले असेल, किंवा मुद्दल आणि व्याज यांपैकी वीस टक्क्यांहून कमी देणे उरले असेल, तरीही हा कायदा चालत नाही. एवढे सोडले तर चालतो.

तर बँकेसाठी पक्की सडक आहे. कर्जदारासाठी काय आहे, हे विचारायला मी तुम्हाला जरा मागे नेतो.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले. त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले. पुण्या-नगरच्या कितीतरी गावांत हेच झाले. कागद जाळले, कारण कोर्टात तो कागदच बोलत होता. पन्नास रुपये घेतलेल्याच्या नावावर दोनशेचा रोखा असे, तो वाचून दाखवला जाई आणि एकतर्फी हुकूमनामा होई. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दक्षिणेतल्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता.

तो कायदा मी विद्यार्थी असताना प्रथम वाचला आणि चकित झालो. न्यायाधीशाने रोखा पाहून थांबायचे नाही, तर व्यवहाराच्या मुळाशी जाऊन हिशोब नव्याने मांडायचा. खरे देणे किती ते ठरवायचे. ते हप्त्यांनी फेडायची सवलत द्यायची, आणि ही सवलत पुढे गहाणाच्या दाव्यांतही आली. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात धाडायचे नाही. जी जमीन वा घर खास गहाण लिहून दिलेले नाही, त्यावर जप्ती आणायची नाही. शिवाय शेतकऱ्यासाठी नादारीचे वेगळे प्रकरण आणि दाव्याआधी समेट घडवायला समेट करणारे पंच. परक्या सरकारने दंगलीला भिऊन केलेला कायदा, असे तुम्ही म्हणाल. म्हणा. पण आपल्या माणसाचे घर आणि कर्ज यांच्यामध्ये न्यायाधीश उभा करणारा कायदा इथे झाला होता, ही गोष्ट खरी.

त्याचा विपरीत परिणामही झाला, तोही सांगतो. गहाणखत केले तर कोर्ट हिशोब उघडते हे कळल्यावर सावकार गहाणखत करीनासे झाले. ते सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले. तोंडाने म्हणायचे, "पैसे दे, जमीन परत देतो," आणि कागदावर कायमची विक्री. ही चाल अजून गेलेली नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात तिच्यावर उपाय आहे. सावकाराने कर्जापोटी खरेदीखत करून घेतलेली मिळकत पंधरा वर्षांच्या आतली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो, आणि चौकशीत ते खत कर्जापोटीच झाले असे ठरले तर ते रद्द करून मिळकत परत देववण्याचा अधिकार त्याला आहे. तुमच्या गावात असा कोणी अडकला असेल तर त्याच्या कानावर हे घाला.

आता जरा दूर, अमेरिकेत जाऊ. तिथे २००७ सालापासून घरांच्या किमती कोसळल्या आणि लक्षावधी कुटुंबांची घरे सावकारी कंपन्यांनी लिलावात काढली. तिथे नादारीच्या कायद्यात तेरावे प्रकरण म्हणून एक आहे. पगारदार माणसाने त्याखाली अर्ज दाखल केला, की त्याच क्षणी लिलाव थांबतो. बँकही थांबते, हे लक्षात घ्या. मग तो माणूस तीन ते पाच वर्षांची फेडीची योजना कोर्टापुढे मांडतो. चालू हप्ता भरत राहायचा आणि थकलेले हप्ते त्या मुदतीत थोडे थोडे फेडायचे. योजना पुरी केली तर घर राहते. गुरुजींना नेमके हेच हवे होते. कर्ज बुडवायचे नव्हते, पाच हप्ते सावकाश फेडायला वेळ हवा होता.

पण तिथेही एक कुलूप आहे. १९७८ च्या त्यांच्या कायद्याप्रमाणे राहत्या घराच्या कर्जाचे मुद्दल वा व्याज न्यायाधीशाला कमी करता येत नाही. घर आठ लाखांचे उरले आणि कर्ज बारा लाखांचे असले, तरी बाराच फेडायचे. दुसरे हौसेचे घर असेल, मोटार असेल, तर तिथे काही अटींवर कर्ज किमतीपर्यंत खाली आणता येते. राहत्या घराला मात्र ही सोय नाही! कारण असे दिले गेले, की त्यामुळे घरासाठी कर्ज स्वस्त मिळते. हे कुलूप काढायचा प्रयत्न २००९ साली झाला. तिथल्या प्रतिनिधिगृहाने विधेयक मंजूर केले, पण ३० एप्रिलला सिनेटमध्ये ते ४५ विरुद्ध ५१ मतांनी पडले.

आणि गंमत पाहा. त्याच देशात १९८६ साली, शेतीवर मंदी आली असताना, शेतकरी कुटुंबांसाठी नादारीचे बारावे प्रकरण घातले गेले. त्यात हे कुलूप नाही. शेतकऱ्याच्या शेतावरचे आणि घरावरचे कर्ज न्यायाधीश मालमत्तेच्या खऱ्या किमतीपर्यंत खाली आणू शकतो. आधी मुदतीपुरता असलेला हा कायदा २००५ साली कायमचा झाला. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला १९८६ साली मिळाले, त्याच्याशी नाते सांगणारे काही आपल्या पुणे-सातारकडच्या शेतकऱ्याला १८७९ साली मिळाले होते. पगारदार माणूस दोन्ही देशांत मागेच राहिला. माझे मत विचाराल तर याचे कारण साधे आहे. शेतकरी बाजारात जमून रोखे जाळतो, पगारदार दाराला आतून कडी लावून बसतो.

आपल्याकडे २०१६ साली नादारी व दिवाळखोरीची नवी संहिता आली. कंपन्यांसाठी ती लगेच चालू झाली. त्यात तुमच्याआमच्यासारख्या व्यक्तींसाठी एक भाग आहे. १९०९ आणि १९२० चे जुने कायदे जाऊन तो यायचा होता. २०१९ साली तो लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. बाकीच्यांसाठी तो त्यानंतरही कितीतरी वर्षे कागदावरच राहिला. त्यात अगदी गरीब कर्जदारासाठी नव्याने सुरुवात करायची एक सोय आहे. वर्षाचे उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत, अशा अटी आहेत. आणखी एक अट अशी, की त्याच्या मालकीचे राहते घर असता कामा नये, मग ते गहाण असो वा नसो. ही अट मी दोनदा वाचली. ज्याला पडकी खोली आहे तो नव्याने सुरुवात करायला नालायक ठरला. दिवाळखोरीत राहते घर वाचवायची तरतूदही आहे, पण ती गहाण नसलेल्या घराची.

तर गुरुजींना मी काय सांगितले? सांगितले, की गुरुजी, पाकीट नाकारल्याने नोटीस चुकत नाही. ती दाराला चिकटवतात, वर्तमानपत्रात छापतात आणि मुदत चालू होते. तेव्हा आधी मुदत मोजा. साठ दिवसांच्या आत बँकेला लेखी हरकत पाठवा. बँकेने पंधरा दिवसांत कारणे देऊन उत्तर दिले पाहिजे. खात्याचा उतारा मागा आणि दंड कसा लावला आहे ते पाहा, कारण रिझर्व्ह बँकेने २०२४ पासून असा नियम लागू केला, की थकलेल्या हप्त्यावरचा दंड मुद्दलात मिसळून त्यावर व्याज चढवायचे नाही. थकलेले सगळे हप्ते व्याजासकट एकदम भरले तर खाते पुन्हा नियमित म्हणून धरता येते, त्यासाठी शाखेत जाऊन बोला. शाखेतला माणूस वाघ नसतो. बँकेने ताब्याचे पाऊल उचलले तर पंचेचाळीस दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. हे न्यायाधिकरण मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत. तालुक्यातून तिथे जायचे म्हणजे एक दिवस, एक रजा आणि वकिलाची फी. दिवाणी कोर्ट शाळेसमोरच आहे, पण त्याचे दार या कामाला बंद.

आणि शेवटची गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक आहे. १८८२ च्या कायद्याने गहाण टाकणाराला एक मोठा हक्क दिला, पैसे देऊन गहाण सोडवण्याचा. मालमत्ता विकली जाऊन व्यवहार पुरा होईपर्यंत तो हक्क जिवंत असे. सरफेसीमध्ये २०१६ साली बदल झाला आणि हा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच उरला. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली तसाच अर्थ लावला. म्हणजे लिलावाच्या आदल्या दिवशी तुम्ही मेव्हण्याकडून पैसे आणून बँकेत उभे राहिलात, तर बँक ते घ्यायला बांधलेली नाही. धावाधाव करायची ती नोटीस छापून येण्याआधी. लिलावात बँकेच्या बाकीहून जास्त रक्कम आली तर वरचे पैसे तुमचे. कमी आली तर उरलेले देणे तुमच्या डोक्यावर राहते. पगारावर जप्ती आली तर पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश तेवढे वाचतात.

गुरुजींनी हरकत पाठवली. बँकेने चौदाव्या दिवशी उत्तर दिले, की हरकत मान्य नाही. दंडाची काही रक्कम तेवढी कमी झाली. थकलेले हप्ते एकदम भरायला पैसे नव्हते. मग त्यांनी अवघड निर्णय घेतला. लिलावाची वाट न पाहता घर आपणच विकायचे. नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही, म्हणून आम्ही शाखेत जाऊन ती घेतली. गिऱ्हाईक गल्लीतच निघाले. लिलावाचे घर म्हणून कोणी पाडून मागितले असते, त्यापेक्षा बरी किंमत आली. बँक फिटली, पतपेढीचे निम्मे फिटले. वहिनींनी शेवटच्या दिवशी ओटा सारवला आणि किल्ली स्वतः नेऊन दिली.

आता ते शाळेजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. वहिनींची प्रकृती सुधारते आहे. परवा तोच पोस्टमन पाकीट घेऊन आला, तर गुरुजींनी ते सही करून घेतले आणि न फोडताच माझ्याकडे आणले. फोडून पाहिले, तर बँकेने घराची मूळ कागदपत्रे परत नेण्याबद्दल लिहिले होते. ती कधीच नव्या मालकाकडे पोचली होती.